एका झोपेचा एक थर

कुपवाडच्या एमआयडीसीत, जिथं पूर्वी हळदीची गोदामं होती, तिथं आता डोळ्यांचा कचरा येत असे. सांगली-मिरजेपासून पार बेळगावपर्यंतच्या चष्म्याच्या दुकानांतले हिरवे डबे तिथं रिकामे होत. मोडक्या काड्या, चरे पडलेली भिंगं, नाकावरच्या रबरी गाद्या, कुणाच्या तरी आजोबांचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स. लेन्स तर पोत्यांनी येत. एके काळी लोक त्या सरळ बेसिनमध्ये सोडून देत. त्या गटारातून कृष्णेत, कृष्णेतून माशांत आणि माशांतून पुन्हा लेन्स घालणाऱ्यांच्याच ताटात येऊ लागल्या, तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि कायदा झाला. वापरलेली लेन्स परत करायची, फेकायची नाही. तेव्हापासून घराघरात एक छोटा हिरवा डबा आला.

या कचऱ्याचं पुन्हा प्लास्टिक करणाऱ्या प्लांटवर अन्विता आवटी मुख्य रसायनतज्ज्ञ होती. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची हिंमत नातेवाइकांनीही सोडलेली. कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्लांटचे मालक धामणीकर तिला सगळ्यांसमोर ‘आमची वाघीण’ म्हणत, आणि तिलाही ते आवडत असे.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. नव्या लेन्स महिनाभर डोळ्यात ठेवायच्या असत, झोपतानाही. आपल्या अश्रूंत प्रथिनं असतात आणि ती दिवसभर लेन्सवर बसत राहतात. जुन्या लेन्स त्यांनीच खराब व्हायच्या. नव्या लेन्सवर एक मुलामा असे. माणूस झोपला, पापण्या मिटल्या, की डोळ्याला हवा कमी मिळते. तेवढ्या बदलानं हा मुलामा रात्रीतून सैल होई, पुन्हा घट्ट होई आणि दिवसभराचा साका आपल्याखाली गाडून टाकी. सकाळी लेन्स पुन्हा स्वच्छ. म्हणजे एका झोपेचा एक थर. झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं दिसतं, तसा.

अशी लेन्स विरघळवून तिचं पुन्हा प्लास्टिक करायचं, तर आधी ही प्रथिनं काढावी लागत. त्यासाठी एन्झाइम किती घालायचं, हे ठरवायला अन्वितानं एक स्कॅनर बसवला होता. तो एकेक थर वाचत जाई. वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की काही थर वेगळेच असतात. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं आणि दुःखानंही येतं, पण दुसऱ्या पाण्यात शरीर काही संप्रेरकं ओतत असतं. तिनं त्यातलं एक नेमकं पकडलं आणि स्कॅनरला त्याचा रंग दिला, जांभळा. त्या दिवसापासून माणूस कोणत्या दिवशी खरोखर रडला, ते पडद्यावर दिसायला लागलं.

‘‘मॅडम, तुम्ही कचऱ्यातून सोनं काढलंत,’’ धामणीकर म्हणाले. त्यांनी पुण्यात मोठ्या लोकांसमोर हे यंत्र मांडायचं ठरवलं. फक्त एक अस्सल उदाहरण हवं होतं.

ते उदाहरण अन्विताच्या घरातच तयार झालं.

तिचा धाकटा भाऊ निनाद एका साध्या मंगळवारी गेला. सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि टेबलावरच डोकं टेकलं. डॉक्टरांनी ‘हृदय’ असं लिहून दिलं. एकतीस वर्षांच्या धडधाकट पोराचं हृदय असं बंद कसं पडतं, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. आणि ज्याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं, ते आपल्याकडे शेजाऱ्यांकडे असतं. ‘‘चहा कुणी केलता?’’ एवढंच कुणीतरी विचारलं. निनादच्या आईच्या, रंजनाबाईंच्या, मनात ते रुतून बसलं.

चहा केला होता निनादच्या बायकोनं, शर्वरीनं. शर्वरी विट्याची, प्राथमिक शाळेत शिक्षिका, मोठ्यानं हसणारी. रंजनाबाईंना हे हसणं पहिल्यापासून टोचत असे. चौदाव्या दिवशी गोड जेवण झालं, सुतक फिटलं, आणि रंजनाबाई सुनेला म्हणाल्या, ‘‘आता ती नोकरी सोड. घरात ऱ्हा.’’ दोन आठवडे शर्वरी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आई, मी विट्याला अण्णांकडे जाते. तिथल्या शाळेत जागा आहे. मिहिकाला घेऊन जाते.’’

मिहिका तीन वर्षांची. निनादचं नाक, निनादचे कान. बाप गेल्यापासून ती आत्याच्या कुशीत झोपायला लागली होती, आणि अन्विताला आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं, की आपल्या गळ्यात कुणीतरी हात टाकून झोपतं म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाबाईंनी घरातला हिरवा डबा ओट्यावर आणून ठेवला. शर्वरीनं महिना भरलेल्या लेन्स आदल्या दिवशीच त्यात टाकल्या होत्या.

‘‘तुजं ते यंत्र खरं रडणं सांगतंय न्हवं?’’

‘‘सांगतं.’’

‘‘मग सांगू दे की.’’

‘‘आई, परवानगीशिवाय कुणाच्या लेन्स वाचायच्या नसतात.’’

‘‘कुणाच्या म्हंजे? घरातल्याच हायत. माझा पोरगा गेलाय, मला कळाय नको?’’

अन्वितानं डबा उचलला. तिलाही कळायला हवंच होतं. फक्त काय कळायला हवंय, हे तिचं आधीच ठरलं होतं.

प्लांटवर जाऊन तिनं लेन्स स्कॅनरखाली ठेवल्या आणि त्या डब्यात टाकल्या त्या दिवसापासून ती मागं मोजत गेली. वरचे थर जांभळे निघाले. एक, दोन, पाच, दहा. मग एकाएकी रेघ मारल्यासारखा रंग संपला आणि खालचे सगळे थर पांढरेफटक. तिनं दिनदर्शिका उघडली. रेघ नेमकी गोड जेवणाच्या दिवसावर येत होती. म्हणजे नवरा मेला त्या दिवशी बाई रडली नाही. तिसऱ्याला नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सासूनं नोकरी सोड म्हटलं, आणि मग मात्र डोळ्यांतून धारा. कशासाठी, ते सांगायला यंत्राची गरज नव्हती. अन्विताला निनादसाठी वाईट वाटलं आणि त्याच वेळी, तिला मान्य नसलं तरी, बरंही वाटलं.

रसायनतज्ज्ञ म्हणून तिनं एकदा थांबायला हवं होतं. दुःख असं पट्टीनं रेघ मारून सुरू होतं का, असं विचारायला हवं होतं. पण हवं ते दिसलं, की माणूस चष्मा पुसून पुन्हा बघत नाही. तिनं तो निकाल आईला सांगितला, आणि नाव झाकून धामणीकरांनाही दिला. ते खूश झाले.

रविवारी शर्वरीच्या वडिलांना बोलावून घेतलं. नलवडे अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. जावई गेल्यापासून माणूस निम्मा झाला होता. टोपी मांडीवर ठेवून ते कडेला बसले. शर्वरी दाराशी उभी होती. मिहिका अन्विताच्या मांडीवर झोपली होती.

‘‘अण्णा,’’ रंजनाबाईंनी सुरुवात केली, ‘‘तुमच्या लेकीला माझ्या पोराचं दुःख झालं न्हाई. मी न्हाई म्हणत. यंत्र म्हणतंय.’’

अन्वितानं टॅबचा पडदा त्यांच्यापुढं धरला आणि समजावून सांगितलं. मुद्देसूद, शांतपणे, जशी ती पाहुण्यांना प्लांट दाखवताना सांगत असे. अण्णांना थर समजले नाहीत. जांभळा आणि पांढरा मात्र समजला. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

शर्वरी पुढं आली. पडद्यावरचे थर तिनं बोट लावून मोजले. शिक्षिका होती ती, तिला गणित कळायला वेळ लागला नाही.

‘‘ताई, हे दिवस मोजले कसे?’’

‘‘तू लेन्स डब्यात टाकल्यास, तिथून मागं. एका झोपेचा एक थर.’’

‘‘पण मधे लेन्स माझ्या डोळ्यांत नव्हत्याच.’’

अन्वितानं पडद्यावरून मान वर केली.

‘‘निनादला अजून उचललंसुद्धा नव्हतं,’’ शर्वरी म्हणाली. ‘‘आई म्हणाल्या, काढ ते डोळ्यांतलं, नवरा गेला आणि ही नटून बसलीय. मला काढता येईनात, हात थरथरत होते. ताई, तुम्हीच काढल्यात. डबीत घालून न्हाणीतल्या फळीवर ठेवल्यात. गोड जेवण झाल्यावर मी त्याच परत घातल्या, महिना भरायचा होता म्हणून. म्हणजे हे पांढरे थर आधीचे आहेत. तो होता तेव्हाचे. आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हाचे. ते तेरा दिवस यात नाहीतच, ताई! मला तर चष्मासुद्धा दिला नव्हता. मागितला तर म्हणाल्या, आता बघायचंय कुणाला? तेरा दिवस मी कोपऱ्यात आंधळ्यासारखी बसून होते.’’

अन्विताला आठवलं.

इतके दिवस आठवलं नव्हतं, हे खरं. दिवसाला शेकडो लेन्स हाताळणाऱ्या बोटांनी ते काम परस्पर उरकलं होतं, डोक्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. आता सगळं एकदम समोर आलं. भिंतीला टेकवलेलं शर्वरीचं डोकं, आईचा मागून आवाज, आणि उजव्या डोळ्याकडे नेलेलं आपलं बोट. एरवी लेन्स बुबुळाला चिकटून असते, अलगद चिमटीत धरून ओढावी लागते. ती ओढावी लागलीच नव्हती. डोळा इतका भरला होता, की लेन्स पाण्यावर तरंगत आपणहून बोटावर आली होती.

‘‘कुणी काढल्या? कवा?’’ रंजनाबाई कडाडल्या. ‘‘काय बी बोलतीया! मेल्या नवऱ्याच्या नावानं खोटं बोलाय लाज वाटत न्हाई?’’

अण्णांनी हात जोडले. ‘‘ताई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. तुम्ही सांगचाल ते आमी खरं मानू. काडल्या हुत्या का?’’

सगळे तिच्याकडे बघत होते. पुण्याचा कार्यक्रम चार दिवसांवर होता. उदाहरण चुकलं, तर यंत्र चुकलं. आणि यंत्र कुणाच्या हातून चुकलं, तर अख्ख्या प्लांटला ज्या गोष्टीचं साधं ज्ञान आहे, की लेन्स डोळ्यात नसेल तर थर बसत नाही, तीच गोष्ट विसरणाऱ्या मुख्य रसायनतज्ज्ञाच्या हातून. मांडीवर मिहिकानं कूस बदलली आणि झोपेतच आत्याचा पदर मुठीत धरला.

‘‘नाही,’’ अन्विता म्हणाली. ‘‘लेन्स तिच्या डोळ्यांतच होत्या.’’

शर्वरी ओरडली नाही. तिनं फक्त अन्विताकडे बघितलं, जसं आपण रस्ता चुकलेल्या माणसाकडे बघतो. तिला वाटलं, ताईंना खरंच आठवत नाहीये. त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?

पुढचं रंजनाबाईंनी उरकलं. त्यांनी सरळ सांगितलं, की चहा कुणी केला होता ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे आणि रडली कोण नाही ते आता यंत्रालाही ठाऊक आहे. दोन्ही घेऊन पोलिसांत जायला त्यांना वेळ लागणार नाही. नाहीतर पोरगी इथं ठेवायची आणि गुमान विट्याला जायचं. निनादचं तेवढंच उरलंय.

‘‘अण्णा, माझी मुलगी आहे ती,’’ शर्वरी म्हणाली.

अण्णा उठले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. ‘‘पोलीस दारात आलं, तर इट्यात तोंड दाखवाय जागा ऱ्हायाची न्हाई. तुज्या धाकट्या भणीचं लगीन व्हायचंय अजून. पोरगी हितं काय उपाशी मरत न्हाई. चल.’’

‘‘अण्णा, तुम्ही तरी...’’

‘‘चल म्हटलं न्हवं!’’

एवढा सज्जन माणूस, आयुष्यात कुणाचं एक तिकीट बुडवलं नव्हतं त्यानं. लेकीला मात्र त्यानं दंडाला धरून बाहेर नेलं.

अन्विता मिहिकाला गादीवर ठेवून फाटकापर्यंत गेली. काही तरी चांगलं बोलावंसं तिला वाटलं. घाव घालून झाल्यावर हळद लावायची अशांना फार हौस असते.

‘‘हे बघ शर्वरी, यंत्र कुणाची बाजू घेत नाही. मिहिकासाठी तुझा जीव तुटत असेल, तर तेही त्यात येईल. नवी जोडी घाल, महिनाभर अजिबात काढू नकोस आणि मला आणून दे. मी आईला समजावीन.’’

शर्वरीनं तिचे दोन्ही हात धरले. ‘‘नक्की ना ताई?’’

‘‘नक्की.’’

ती आत आली तेव्हा रंजनाबाई मिहिकाला दूध-भात कालवत होत्या. अन्विता दारातच उभी राहिली.

‘‘आई, लेन्स काढल्या होत्या. मीच काढल्या होत्या.’’

‘‘मग?’’

‘‘म्हणजे, तुला माहीत होतं?’’

‘‘मीच काढ म्हटलं, आन् मलाच ठाऊक न्हाई व्हय?’’ रंजनाबाईंनी भात मऊ कुस्करला, त्यावर तूप सोडलं. ‘‘तू डबा घिऊन गेलीस तवाच वाटलं हुतं, ही परत येऊन सांगंल, आई त्यात ते तेरा दिस न्हाईतच. तर तूच नाचत आलीस. देवच पावला म्हटलं. आता हळू बोल, पोर उठलंया.’’

पुण्याचा कार्यक्रम दणक्यात झाला. धामणीकरांनी ‘अश्रुवाचन’ असं नाव दिलं आणि प्लांटच्या आवारात वेगळी काचेची खोली बांधली. आठवड्यातच तिथं रांग लागली. बाप वारल्यावर कोणती सून रडली नाही ते शोधायला मुलगे येऊ लागले. बायको माहेराहून आली की नवरे तिच्या लेन्स घेऊन येऊ लागले, तिकडं कुणासाठी रडली ते बघायला. थोड्याच दिवसांत हुशार लोकही तयार झाले. ज्यांना नंबर नव्हता, तेसुद्धा मयताला जाताना साध्या लेन्स घालू लागले आणि आठवून आठवून रडू लागले. लेन्सची विक्री वाढली. कचराही वाढला आणि प्लांटला तिसरी पाळी सुरू करावी लागली.

मिहिका ‘आई कुठंय?’ असं आधी रोज विचारायची. मग एक दिवसाआड विचारायला लागली. अन्विता तिला गोष्टी सांगायची, केस विंचरायची, आणि आपण चुकलो नाही असं स्वतःला पटवायची. ते हळूहळू पटतही होतं.

आणि मग एका दुपारी वॉचमननं फोन केला, की विट्याहून कुणी बाई आल्यात.

शर्वरी काचेच्या खोलीत बसली होती. अन्वितानं तिला ओळखलं, पण क्षणभर उशिरानं. दोन्ही पापण्या सुजून जाड झाल्या होत्या. डावा डोळा लाल होता, उजव्याच्या बुबुळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसत होता आणि त्यातून सारखं पाणी गळत होतं. उजेड सहन होत नसल्यानं तिनं पदर पुढं ओढून घेतला होता.

‘‘हे काय झालं?’’

‘‘इन्फेक्शन. चार-पाच दिवसांतच सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता लेन्स काढा नाहीतर डोळा जाईल. मी म्हटलं, महिना भरायचाय.’’ तिनं पर्समधून डबी काढली, दोन्ही हातांनी पुढं केली. ‘‘एक रात्रसुद्धा काढल्या नाहीत, ताई. या वेळी दिवस चुकणार नाहीत. वाचा. त्या दिवशी तुम्हाला आठवलं नाही, माझा राग नाही. पण हे बघितल्यावर तरी आईंना सांगाल ना?’’

अन्विता डबी घेऊन आत गेली. दार लावून घेतलं.

स्कॅनरवर पहिला थर आला. जांभळा. दुसरा जांभळा. ती पुढं सरकत गेली. पांढरा थर कुठंच नव्हता. असं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. कितीही दुःख असलं, तरी माणसाचा एखादा दिवस बरा जातोच, एखाद्या दिवशी तो झोपतो, खातो, विसरतो. या लेन्सवर तसा एकही दिवस नव्हता. थर इतके दाट होते, की पडद्याखाली सूचना आली. ‘नेहमीच्या दुप्पट एन्झाइम लागेल. सुरू करू?’

अन्विताला रडू आलं. खरंखुरं आलं. हा निकाल आईपुढं ठेवला, तर आई विचारेल, मग मागचा खोटा होता का? आणि धामणीकर विचारतील. आणि संध्याकाळी मिहिका विट्याच्या गाडीत बसेल, मागच्या काचेतून हात हलवेल, आणि त्या घरात रात्री कुणीच कुणाच्या गळ्यात हात टाकणार नाही.

तिनं ‘हो’ दाबलं. स्कॅनरखालच्या टाकीत आधी एन्झाइम उतरलं, मग लेन्स विरघळवणारं द्रावण, आणि फेस आला. दोन पारदर्शक चकत्या थोडा वेळ गिरक्या घेत राहिल्या, मग मऊ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. तिनं डोळे पुसले आणि ती बाहेर आली.

‘‘काय निघालं?’’ शर्वरी उठून उभी राहिली.

‘‘काही वाचता येत नाही गं. इन्फेक्शननं सगळे थर बिघडलेत.’’

शर्वरी परत बसली. तिनं काही वेळ तोंडावर पदर धरला. मग हळूच विचारलं, ‘‘मिहिका जेवते नीट?’’

‘‘जेवते.’’

‘‘झोपते तुमच्याजवळ?’’

‘‘झोपते.’’

‘‘बरं.’’ तिनं पदर बाजूला केला. ‘‘मग आता काय करायचं, ताई?’’

या क्षणीही अन्विताला ‘काही नाही, डोळ्यांना जप, घरी जा’ असं म्हणता आलं असतं. पण मग ही बाई उद्या दुसऱ्या कुणाकडे जाईल. कुणीतरी शहाणा तिला विचारेल, कुणीतरी थर मोजेल. वाट बघणारं माणूस मात्र गुमान घरी बसतं, कुणाकडे जात नाही.

‘‘पुन्हा आण,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या महिन्याच्या.’’

शर्वरीनं मान डोलावली. पर्समधून नवं पाकीट काढलं, ते तिनं बरोबर आणलंच होतं. ‘‘हात कुठं धुऊ?’’ असं विचारून ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. डावी लेन्स सहज गेली. उजवी घालताना तिनं एका हातानं बेसिनची कड घट्ट धरली, श्वास कोंडला, आणि बोट त्या पांढऱ्या ठिपक्यावर दाबलं. तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. गालावरून पाणी वाहत असताना ती मागं वळली आणि हसायचा प्रयत्न केला.

‘‘उजवा काही टिकत नाही, डॉक्टर म्हणालेत. डावा तरी धड राहील बघा या वेळी,’’ ती म्हणाली. ‘‘एका डोळ्यावर चालतं ना, ताई, तुमच्या यंत्राला?’’

‘‘चालतं,’’ अन्विता म्हणाली.